लिंक देणारं पान कुणी वाचतं का?

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात नागपुरात तसं म्हणणाऱ्या वक्त्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बॅकलिंक इंडेक्स कशा कराव्यात?’ शोधयंत्र म्हणजे काय, बॅकलिंक म्हणजे काय, हे आपण जाणता असं धरून पुढे जातो. दुसऱ्याच्या पानावरून तुमच्या पानाकडे येणारी लिंक, एवढं आजच्यापुरतं पुरे. मी जे सांगायला आलोय ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी घाई होते. लिंक देणारं पान माणसांनी वाचावं असं असेल, तर ते शोधयंत्राच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, यायला फारशी खटपट लागत नाही. आणि कुणीच वाचू नये असं पान असेल, तर खटपट करून ते सूचीत घुसवलं तरी तुमच्या पदरात काही पडत नाही.

माझ्याकडे दुकानदार येतात, डॉक्टर येतात, शिकवणीवाले येतात. म्हणतात, आम्ही पाचशे बॅकलिंक घेतल्या, पैसे मोजले, पण गूगलमध्ये त्या दिसतच नाहीत. तेवढ्या इंडेक्स करून द्या. मी विचारतो, त्या पाचशेपैकी एखादं पान तुम्ही स्वतः उघडून वाचलंत का? बहुतेकांनी वाचलेलं नसतं. ज्यानं पैसे दिले त्यानं वाचलं नाही, ज्यानं पैसे घेतले त्यानंही वाचलं नाही, आणि गूगलनं मात्र वाचावं अशी अपेक्षा!

आता यंत्राचं काम कसं चालतं ते. समजा, काटोलच्या एका संत्रा रोपवाटिकेची वेबसाइट आहे आणि एका शेतकऱ्यानं आपल्या साइटवर तिची लिंक दिली. गूगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या यंत्राला, आधी त्या शेतकऱ्याच्या पानाचा पत्ता लागायला हवा, तो दुसऱ्या लिंकवरून किंवा साइटमॅपमधून लागतो. मग बॉट पान वाचून जातो. वाचल्यावर ते सूचीत ठेवायचं की नाही याचा निर्णय होतो. साइटमालकांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दोन शेरे दिसतात: ‘सापडलं आहे, सध्या सूचीत नाही’ आणि ‘वाचलं आहे, सध्या सूचीत नाही’. पहिल्यात पान रांगेत उभं असतं. दुसरा शेरा गंभीर. बॉट आला, पान पाहिलं, आणि न ठेवता गेला.

इथेच खरी गोम आहे. सर्च कन्सोलमध्ये ‘हे पान सूचीत घ्या’ अशी विनंती करता येते, पण फक्त स्वतःच्या साइटसाठी. बॅकलिंक तर दुसऱ्याच्या पानावर असते! त्यामुळे रोपवाटिकेच्या मालकाच्या हातात तिथे कुठलंही बटण नाही. तो एवढंच करू शकतो, की फोन उचलायचा आणि त्या शेतकऱ्याला म्हणायचं, ‘भाऊ, तुमच्या पानावर चुकून ‘सूचीत घेऊ नका’ सांगणारं नोइंडेक्स तर लागलेलं नाही ना, रोबोट्स फाइलनं वाट अडवली नाही ना, ते पान तुमच्याच मुख्य पानावरून जोडलेलं आहे ना, जरा बघता का?’ आणखी एक तपासायचं: लिंक खऱ्या अँकर टॅगमध्ये, एचरेफसकट आहे का. नुसत्या जावास्क्रिप्टच्या क्लिकवर उघडणारा पत्ता गूगल लिंक म्हणून धरत नाही. एवढं झालं की तंत्र संपलं. उरतो तो माणसामाणसांतला संबंध.

मग ‘इंडेक्स करून देतो’ म्हणणारे काय करतात? लिंकला लिंक, तिलाही लिंक, अशी उतरंड रचतात. काहीजण गूगलच्या इंडेक्सिंग एपीआयचा वापर करतात. 2018 साली आलेली ती सोय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाची पानं यांच्यापुरती आहे, हे गूगलनं स्पष्ट लिहून ठेवलंय. तिथे रोपवाटिकेची लिंक नोकरीची जाहिरात म्हणून सारायची. ही लबाडी आहे, आणि मी तिला लबाडीच म्हणणार.

(सभागृहातून: ‘पण तुमचाही धंदा हाच ना?’)

हो, हाच आहे. प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. मी साइट दुरुस्त करण्याचे पैसे घेतो, मजकूर नीट करण्याचे घेतो. लिंक विकत नाही, विकलेली नाही. पोटापाण्यासाठी करतो म्हणून वाटेल ते करावं, असं थोडंच आहे? वकीलही फी घेतात, म्हणून काय खोटा साक्षीदार उभा करायचा? (टाळ्या. एक आवाज: ‘वकिलांना मध्ये आणू नका!’ हशा)

वकिलांना मध्ये आणणारच, कारण ही सगळी कल्पना मूळची त्यांचीच आहे. हे मला आज सांगायचं नव्हतं, पण निघालंच आहे तर ऐका. 1873 साली शिकागोत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकिलानं आपल्या निवाड्यांचं पुस्तक उघडायचं आणि जुन्या निवाड्याच्या समासात ती चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर काय? पुढे कुठल्या खटल्यात या निवाड्याचा आधार घेतला गेला, कुठे तो फिरवला गेला. एरवी निवाडा वाचताना तो मागे कुणाचे दाखले देतो ते कळतं. शेपर्डनं ते उलटवलं: या निवाड्याकडे पुढे कोण कोण बोट दाखवतं? मंडळी, समासात डिंकानं चिकटवलेल्या या बॅकलिंका आहेत! आपल्याच शहरातून निघणारा निवाड्यांचा ऑल इंडिया रिपोर्टर ज्यांनी हाताळलाय, त्यांना समोरच्यानं दिलेला निवाडा पुढे फिरला होता हे ऐन युक्तिवादात कळण्यातली भीती सांगायला नको. समोर तीन-चार मंडळी जोरात मान हलवताहेत. (हशा)

ते काम पुढे मोठं झालं, चिठ्ठ्यांचे ग्रंथ झाले. 1953 साली त्या कंपनीचा एक माजी उपाध्यक्ष, विल्यम अडेर, यानं बॉल्टिमोरला यूजीन गारफील्ड यांच्या प्रकल्पाकडे पत्र लिहिलं. गारफील्ड तेव्हा जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीवर काम करत होते. अडेरनं सुचवलं, आमची वकिलांची पद्धत विज्ञानाला लावून बघा. पदावरून उतरलेला माणूस, ओळख ना देख, पण आपल्याला ठाऊक असलेली उपयोगाची गोष्ट ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवावी म्हणून तो पत्र लिहितो. मला हा माणूस फार आवडतो. गारफील्डनी 1955 साली ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला, 1964 साली विज्ञानाची संदर्भसूची निघाली. 1998 साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगलचा आराखडा मांडला, तेव्हा विद्वानांच्या संदर्भांचं हे शास्त्र वेबला लावतोय असंच लिहिलं. त्यांच्या आधीच्या शोधयंत्राचं नावही बॅकरब होतं.

शेपर्डच्या चिठ्ठीला किंमत का होती? कारण प्रत्येक नोंदीमागे एका न्यायाधीशानं खरोखर वाचून लिहिलेला निवाडा होता. पैसे देऊन पाचशे निवाडे लिहून घेतले असते तर...

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं? पाच. बरं.

मग भराभर. 2005च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं नोफॉलो आणलं, म्हणजे लिंक आहे पण शिफारस नाही. मार्च 2020पासून सूचीसाठी गूगल ती खूण हुकूम न मानता इशारा मानतं. 24 एप्रिल 2012ला पेंग्विन, म्हणजे लिंकांची छाननी करणारा गूगलचा बदल, आलं आणि विकतच्या लिंकांवर उभ्या साइट कोसळल्या. 2016पासून ते मूळ यंत्रणेतच आहे, तशा लिंका बहुधा शून्य धरल्या जातात. म्हणजे कुणी आटापिटा करून ते पाचशे पत्ते सूचीत बसवून दिले, तरी बेरीज शून्यच.

आता मराठीचं. हे मला सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, अध्यक्ष रागावले तरी. मराठीतला केवढा मजकूर शोधयंत्राला कधी दिसलाच नाही! युनिकोड रुळण्याआधी आपल्या वर्तमानपत्रांच्या साइट आपापल्या खास फाँटांत होत्या. माणसाला बातमी दिसायची, यंत्राला नुसती रोमन अक्षरांची खिचडी. पुढे युनिकोड आलं, तर आपण मजकुराची चित्रं करून टाकू लागलो. चित्रात छापलेला पत्ता ही लिंक नव्हे. आणि जिथे अक्षरं नीट आहेत, तिथे आपण लिहितो ‘एका संकेतस्थळावरून साभार’. कुठल्या? त्याचं नाव का नाही, पत्ता का नाही? ज्यानं उन्हात हिंडून संत्र्यावरच्या डिंक्याचे फोटो काढले, औषधाचं प्रमाण लिहिलं, त्याचं पान कुणी जोडत नाही म्हणून ते रांगेत पडून राहतं, आणि दुसऱ्यानं उचललेली नक्कल वर दिसते. याचा मला राग येतो. खरा राग येतो.

(सभागृहातून: ‘इंडेक्सनाऊ वापरलं तर?’)

चांगला प्रश्न. 2021च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्स यांनी ते आणलं. आपलं पान बदललं की लगेच कळवायचं. बिंगसाठी जरूर वापरा. पण तेही स्वतःच्या साइटसाठीच. साइटवर आपली किल्ली ठेवावी लागते. दुसऱ्याचं पान तुम्ही कळवू शकत नाही. पुन्हा तिथेच आलो, फोन उचला.

चिठ्ठी आली. आवरतो. चिटणीस, एक काम तुमच्यासाठी. या व्याख्यानमालेच्या साइटवर जुन्या वक्त्यांची यादी आहे, मी सकाळी पाहिली. नावं आहेत, विषय आहेत, लिंक एकाही नावाला नाही. त्यांतल्या कितीतरी जणांचे लेख, पुस्तकं, संस्था वेबवर आहेत. एकेक पान उघडून, वाचून, जे वाचण्याजोगं वाटेल त्याची लिंक त्या नावाला द्या. ती यादी तुमच्या मुख्य पानावरून जोडलेली ठेवा, म्हणजे बॉट तिथपर्यंत येईल. आणि मघाशी ज्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला त्यांनी खाली थांबावं, तुमची साइट माझ्या फोनवर उघडून बघू. पैसे नाहीत घेणार. (हशा, टाळ्या)