यादवी कशाला म्हणावे?

(वाशीम येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



'यादवी' हा शब्द आपल्या भाषेला महाभारताच्या मौसल पर्वाने दिला. प्रभासक्षेत्री यादवांनी यादवांचाच संहार केला. वऱ्हाड-नागपूरनेही यादवी पाहिली आहे. १७७२ मध्ये जानोजी भोसले निवर्तले, त्यांचे भाऊ साबाजी व मुधोजी वारशासाठी लढले आणि १७७५ मध्ये पाचगावच्या रणात साबाजी पडले. तेथे संशयाला जागा नव्हती. दावेदार दोन, सेना दोन, गादी एक.

आपल्याच विदर्भातील गडचिरोलीचे काय? १९८० च्या सुमारास तेथे नक्षली दलम शिरले. २००९ या एकाच वर्षी मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलिसांनी हौतात्म्य पत्करले. याला गृहयुद्ध म्हणावे काय?

अनेक अभ्यासक वर्षाला लढाईत १००० बळी हे माप लावतात. २०१० मध्ये देशभरात नक्षली हिंसाचारात १००५ नागरिक व जवान मारले गेले, असे गृह मंत्रालयाची आकडेवारी सांगते. परंतु त्यातील ७२० सामान्य नागरिक होते. 'खबऱ्या' ठरवून गावकऱ्याचा गळा चिरणे ही लढाई नव्हे, हत्या होय. तेव्हा केवळ प्रेते मोजून नाव ठरत नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा दोन कसोट्या लावतो. हिंसा दीर्घ व तीव्र आहे काय? आणि लढणारा गट संघटित आहे काय? १९९५ च्या तादिच खटल्यात युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणाने हेच सूत्र मांडले. या कसोट्या पूर्ण झाल्या, की १९४९ च्या जिनिव्हा करारांचे तिसरे कलम लागू होते. १९७७ चा दुसरा पूरक करार त्याहून कडक आहे. बंडखोरांचा भूभागावर ताबा असावा, अशी त्याची अट आहे. भारताने मूळ करार १९५० मध्येच मान्य केले, हा पूरक करार मात्र स्वीकारलेला नाही.

नाव दिले तर बंडखोरांना प्रतिष्ठा मिळेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण या कलमाने कोणत्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, असे त्या कलमातच स्पष्ट लिहिले आहे.

माझ्या मते गडचिरोलीत यादवी नव्हती. तेथे समाज दुभंगून परस्परांवर तुटून पडला नाही. दोन बंदुकांच्या मध्ये वनवासी सापडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने तेथेच ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. मात्र हाती आलेल्याचा छळ न करणे, जखमीवर उपचार करणे, नि:शस्त्राला अभय देणे, ही कर्तव्ये संघर्षाचे नामकरण होईपर्यंत थांबत नाहीत. राज्याचा अधिकार त्यांच्या पालनानेच बळकट होतो.