खांब एक, हिशेब तीन

पुण्यातली पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते फुगेवाडी ही मेट्रो 6 मार्च 2022 रोजी धावू लागली. तिचे खांब रोज दिसतात. त्यांच्यामागचा संगणकी कारभार सहसा दिसत नाही.

ही मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रोने आधी नागपूरला आणि मग पुण्यात ‘फाइव्ह-डी बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) पद्धत वापरली. त्रिमितीय आराखड्याला वेळ हे चौथे आणि खर्च हे पाचवे परिमाण. आराखडा बेंटलीच्या प्रणालीत, वेळापत्रक प्रायमाव्हेरात, पैशांचा हिशेब सॅपमध्ये. आणि या तिन्हींची मोट बांधायची.

ही मोट का लागते? समजा, एका खांबाची सळई बदलली. तिन्ही हिशेब वेगळे असतील, तर साइटवर जुन्या नकाशाप्रमाणे सळई कापून मोकळे होतात आणि बिलाच्या वेळी मोजमाप वहीवरून वाद पेटतो. खरी किल्ली साधी आहे: त्या खांबाला तिन्हीकडे एकच संकेतांक. चाकणच्या वाहन कारखान्यांना हे नवे नाही. तिथे नटबोल्टलाही पार्ट नंबर असतो. त्याच कारखान्यांच्या शेडचे बांधकाम मात्र बहुधा एक्सेल आणि व्हॉट्सअॅपवर चालते!

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीची फाइल वेगळी, ही दुसरी अडचण. त्यासाठी ‘आयएफसी’ हा खुला साचा आहे, आयएसओ 16739 या मानकाचा. महागडे सॉफ्टवेअर न घेताही त्यातली फाइल मोफत व्ह्यूअरमध्ये उघडते. तेव्हा लहान कंत्राटदारांनो, पुढच्या कामाला सल्लागाराकडून कागदी नकाशाबरोबर आयएफसी फाइलही मागून घ्या.