दुकान, पोलीस ठाणे आणि शेजार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजणारी मी बाई. परंतु गेल्या महिन्यात चिटणीसबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दुकानदार आणि पोलीस मिळून जे काम केलेत, ते चार शब्दांत सांगा." मी म्हटले, "सांगेन. पण त्यात माझी चूक आधी सांगावी लागेल." त्या म्हणाल्या, "मग तर अवश्य बोला." म्हणून आपल्यापुढे उभी आहे.

आमचे दुकान बंदराच्या वाटेवर आहे, हे आपणास ठाऊकच आहे. पूर्वी माल फडताळात असे, गिऱ्हाईक बाहेर उभे राही आणि मागेल ते आम्ही काढून देत असू. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्हीही शहरासारखी मांडणी केली. गिऱ्हाइकाने आत यावे, हाताने वस्तू घ्यावी, गल्ल्यावर येऊन पैसे द्यावेत. विक्री वाढली, ही गोष्ट खरी. पण त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट वाढली. संध्याकाळी मोजदाद केली की कधी तुपाची पिशवी कमी, कधी केसांच्या तेलाची बाटली, कधी दाढीच्या पात्यांचे पाकीट.

कोणी म्हणेल, एका बाटलीने दुकान बुडते का? त्याचा हिशेब सांगते. शंभर रुपयांच्या वस्तूवर दुकानदाराला दहा रुपये सुटतात असे धरा. म्हणजे त्याला ती नव्वदीला पडते. अशी एक वस्तू चोरीस गेली तर तेवढी भरपाई होण्यास तशाच नऊ वस्तू विकाव्या लागतात, आणि त्या नऊ वस्तूंवर दिवसभर राबून हाती काही उरत नाही. मोठ्या दुकानात पगारी पहारेकरी असतो. आमच्याकडे सकाळी आमचे हे आणि दुपारनंतर मी, एवढेच मनुष्यबळ.

आम्ही कॅमेरा बसविला, दुकानदारांनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. संशयित माणूस दिसला की त्याचे छायाचित्र त्या गटावर टाकावयाचे, म्हणजे बाकीचे सावध होतील, असा बेत. हेतू चांगला होता. आता माझी चूक ऐका.

एके दिवशी तुपाची एक पिशवी कमी भरली. मी कॅमेऱ्याचे चित्र पाहिले. कोळीवाड्यातील एक मावशी, सुकी मासळी विकणाऱ्या, वर्षानुवर्षे आमच्याकडे येणाऱ्या, तूप पिशवीत घालून बाहेर जाताना दिसल्या. चित्रावर वेळ सहा वाजून वीस मिनिटे. मी फोनवर त्या वेळेच्या आसपास आलेले पैसे पाहिले. तुपाचे पैसे कोठेच नव्हते. झाले! मी त्यांचे छायाचित्र गटावर टाकले आणि खाली लिहिले, "या बाईंपासून सावध." तासाभरात ते कोळीवाड्यात पोचले. गट वीस दुकानदारांचा होता, पण गोष्ट वीस माणसांत राहते थोडीच?

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांच्या भाच्याचा फोन त्यांच्या हातात होता. त्या आदल्या दिवशी आल्या तेव्हा भाचा गल्ल्यापाशी उभा होता आणि त्याने फोनवरून पैसे दिले होते, पाच वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. आमच्या कॅमेऱ्याचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते. बसविल्यापासून ते कोणी तपासलेच नव्हते. मावशी एवढेच म्हणाल्या, "बाय, मला विचारायचंस तरी." आणि निघून गेल्या. पुढे तीन महिने त्यांनी आमच्या दुकानाची पायरी चढली नाही. त्यांच्या ओळीतल्या चार-सहा बायाही यायच्या बंद झाल्या.

मी घरी जाऊन माफी मागितली, गटावरही स्पष्ट लिहिले. पण भगिनींनो, चोराच्या नावाने फिरलेले चित्र परत बोलावता येत नाही. आणि ती तुपाची पिशवी? ती चोरीला गेलीच नव्हती. आमच्या यांनी सकाळी उधारीवर दिली होती आणि वहीत लिहावयाचे राहिले होते.

या प्रकारानंतर आम्ही पाच-सहा दुकानदार आपल्या मोरा सागरी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार घेऊन नव्हे, विचारावयास गेलो. तेथील एका अंमलदारबाईंनी बसवून घेऊन समजावून सांगितले. त्यातले महत्त्वाचे तेवढे आपणास सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी गिऱ्हाईक आहेत, काही दुकानदार आहेत, आणि सगळ्याजणी मुलांच्या आया आहेत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०३ कलमाखाली चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, माणूस प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. एवढ्या कमी किमतीची चोरी या कलमाखाली अदखलपात्र धरली जाते. म्हणजे पोलीस नोंद घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या हुकमावाचून तपास करू शकत नाहीत. मालाची साठवण असलेल्या इमारतीतील चोरीचे निराळे, ३०५ वे कलम आहे आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कोणते कलम लावावयाचे ते पोलिसांनी ठरवावयाचे. आपण घडले तसे सांगावयाचे.

आता धरून ठेवण्याची गोष्ट. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणसासही गुन्हेगाराला धरता येते. पण विनाकारण वेळ न दवडता आणि फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. किरकोळ चोरीत हा अधिकार असेलच असे नाही. तेव्हा कोणाला मागच्या खोलीत कोंडणे, मारणे, पिशव्या उपसणे, हे सारे आपल्याच अंगाशी येणारे आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची, तीही तिची अब्रू राखून, असे कायदाच सांगतो. आणि ती घेणे हे पोलिसांचे काम आहे, दुकानदाराचे नव्हे. अठरा वर्षांखालील मुलाला तर कोठडीत ठेवता येत नाही. त्यासाठी ठाण्यात बालकल्याणाचे काम पाहणारा अधिकारी नेमलेला असतो. आपण काय करावे? शांतपणे विचारावे, "ताई, या वस्तूचे पैसे राहिले का?" निम्म्या वेळा विसरच असतो. तंटा वाढू लागला तर ११२ क्रमांकावर फोन करावा.

अंमलदारबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनाला फार लागली. त्या म्हणाल्या, "छायाचित्र आम्हाला द्या, गावाला देऊ नका. आम्हाला दिलेत तर तो पुरावा होईल. गावाला दिलेत तर ती बदनामी होईल." आणि पुरावा म्हणून द्यावयाचे तर घड्याळ बरोबर हवे, चित्रण मुळातले हवे, त्यासोबत २०२३ च्या नव्या साक्ष कायद्याप्रमाणे प्रमाणपत्रही लागते. मी मान खाली घालून ऐकले.

मग आम्ही चार नियम केले. पहिला, गटावर कोणाचेही चित्र टाकावयाचे नाही. दुसरा, दर सोमवारी कॅमेऱ्याचे घड्याळ फोनच्या घड्याळाशी ताडून पाहावयाचे. तिसरा, वस्तू कमी भरली तर वहीत दिवस, अंदाजे वेळ आणि वस्तू लिहावयाची, मग ती दहा रुपयांची का असेना. चौथा, महिन्यातून एकदा या वह्या घेऊन ठाण्यात बसावयाचे.

पहिल्या दोन महिन्यांत वह्यांतून काही निघाले नाही. तीन दुकानांतून माल गेला होता. एकदा सव्वाचारच्या सुमारास, एकदा पावणेसहाला, एकदा सातला. वेळेचा मेळ बसेना. बंदोबस्त ठेवावा तर केव्हा ठेवावा, हा पोलिसांना प्रश्न पडला.

त्याच आठवड्यात मावशी प्रथमच पुन्हा दुकानात आल्या. मीठ हवे होते. वही गल्ल्यावर उघडी होती. मी त्यांना मुद्दाम विचारले, "मावशी, तुम्ही दिवसभर धक्क्याच्या वाटेवर बसता. तुम्हाला काही दिसते का?" त्यांनी तारखा विचारल्या, बोटांवर तिथी मोजल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही त्रयोदस, ही पुनव, ही बीज. तू घड्याळ काय बघतेस? तिन्ही वेळेला ओहोटी होती. लाँच बंद होती."

आपल्याला हे कोणी शिकवावयास नको. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती आणि संध्याकाळी मोठी ओहोटी. पुढे दररोज ती वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मोरा बंदरात गाळ साचलेला. पाणी ओसरले की भाऊच्या धक्क्याची लाँच थांबते आणि उतारू ताटकळतात. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वे आली. तरीही लाँचने जाणारी माणसे आहेतच. ताटकळलेली माणसे वेळ घालविण्यास दुकानात शिरतात. एकदम पंधराजण आत आणि गल्ल्यावर मी एकटी! चोरास आणखी काय हवे? जी गोष्ट कॅमेऱ्याला दिसली नाही, ती मावशींना बोटांवर दिसली. आणि त्याच मावशींना मी तीन महिने दुकानाबाहेर घालविले होते.

आम्ही हे ठाण्यात सांगितले. तेव्हापासून मोठ्या ओहोटीच्या वेळी गस्तीवरील शिपाई धक्क्याच्या वाटेने एक फेरी मारतात. आम्ही त्या दोन तासांपुरते घरातले दुसरे माणूस दुकानात ठेवतो आणि तूप, तेल, पाती गल्ल्याच्या मागे ठेवतो. आपण विचाराल, चोर सापडला का? नाही सापडला. पण पुढच्या चार महिन्यांत आमच्या वह्यांत दोनच नोंदी झाल्या. त्यांपैकी एक एका शाळकरी मुलाची होती. त्याच्या आईला बोलावून, चार माणसांत न ओरडता, ती गोष्ट मिटविली. तो मुलगा आज रस्त्यात भेटला तर मान वर करून चालतो. मला वाटते, हे चोर सापडण्याहून थोडे नव्हे.

पोलिसांशी ओळख संकट येण्याआधी असावी, हे आपल्या महाराष्ट्राने पूर्वीच दाखविले आहे. भिवंडीत १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. निरनिराळ्या धर्मांची माणसे आणि पोलीस एकत्र बसू लागले. पुढे १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असता, पूर्वी दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. आमचे काम त्यापुढे राईएवढे. पण तत्त्व तेच.

उलट ओळख तुटली म्हणजे काय होते, तेही पाहावे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतच्या दुकानचोऱ्या हलक्या गुन्ह्यांत धरल्या. अशा चोरीला कोणी विचारीत नाही, असा समज तेथील दुकानदारांत आणि चोरांतही पसरला. २०२४ या एका वर्षात तेथे पोलिसांकडे पाच लाखांहून अधिक दुकानचोऱ्या नोंदल्या गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात पोलीस आणि दुकानदार यांनी मिळून योजना आखली. दुकानातील माणसावर हात उगारला गेला, चोराला धरून ठेवले असले किंवा पुरावा गोळा करणे जरूर असले, तर पोलिसांनी जाण्याचे ठरले. आणि टोळ्यांचा माग काढण्यासाठी मोठ्या दुकानदारांनी पैसाही घातला. आपल्याकडेही पाच हजारांची रेघ आता आली आहे. किरकोळ म्हणून आपण नोंदच केली नाही, तर पोलिसांना कळणार कसे?

पोलिसांविषयीही दोन शब्द बोलते. ठाण्याची पायरी चढावयाची म्हणजे आपल्या बायकांच्या पोटात गोळा येतो. मलाही आला होता. पण तक्रार नोंदली तर तिची प्रत मोफत मिळण्याचा आपला हक्क आहे, हे ठाऊक असले म्हणजे मान ताठ राहते. पोलीस ठाण्यांतून महिला दक्षता समित्याही असतात. मंडळातील दोघी-तिघींनी त्या कामात लक्ष घालावे, अशी माझी विनंती आहे.

भगिनींनो, चोरी वाईट आहे, आणि गरिबीच्या नावाखाली मी तिला पांघरूण घालणार नाही. माझी तुपाची पिशवीही कष्टाचीच आहे. पण दुकानाचा खरा पहारा कॅमेरा करीत नाही आणि एकटा शिपाईही करीत नाही. तो शेजार करतो. ज्या शेजाऱ्यावर आपण खोटा आळ घेतो, तो शेजारी उद्या आपल्यासाठी डोळे उघडे ठेवील कशाला?

मावशी आज या सभेला आल्या आहेत. त्यांना विचारूनच मी ही हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "सांग, पण घड्याळाचंही सांग." ते सांगितले. कालच सोमवार होता; आमच्या कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे.