बॉनेटखालची फुसफुस



कांदिवलीत आकुर्ली रस्त्यावर महिंद्रचा कारखाना आहे आणि तिथले ट्रॅक्टर महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण खुद्द कांदिवलीचा रोजचा संसार चालतो तो पिकअपवर. वाशीच्या मार्केटमधली भाजी, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला माल, ठाकूर व्हिलेजमध्ये कुणाच्या नव्या घरात जाणारं कपाट, सगळं तिच्याच हौद्यात. या गाड्या चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार आज घेऊ या. इंजिनातून फुस्स असा आवाज येतो, आणि कुणीतरी लगेच सांगतं, "टर्बो गेला, बदलावा लागेल."

जरा थांबा. फुसफुस म्हणजे दाबाखालची हवा, वाफ किंवा धूर कुठून तरी निसटतोय, किंवा बाहेरची हवा आत ओढली जातेय. कुठून, हे ओळखायची किल्ली एकच: आवाज नेमका कधी येतो?

गाडी उभी असताना इंजिन शांत, पण माल भरून पुलावर चढताना ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स. सोबत काळा धूर, गाडीला ओढ नाही, ॲव्हरेजही घसरलेलं. अशा वेळी पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपांवर घ्यावा. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, पण हा दाब तयार होतो इंजिनावर भार आल्यावर. त्यामुळे पाइपाची चीर गॅरेजमध्ये मिटलेली असते आणि चढावर तोंड उघडते. मोजून घेतलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र पूर्ण हिशेबाने पडतं. ते नीट जळत नाही आणि काळा धूर होतो.

ही चीर बहुधा वरून दिसत नाही. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मग पाइपाच्या खालच्या अंगाने बोटं फिरवा. वळणापाशी, क्लिपेच्या कडेला किंवा पाइप जिथे पत्र्याला घासतो तिथे ओलसर तेलावर धूळ बसून काळा चिकट डाग झालेला असेल, तर तिथेच पाइप वाकवून बघा. तरीही सापडली नाही, तर मेकॅनिक पाइपाचं तोंड बंद करून आत बेताची हवा सोडतो आणि वरून साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले की जागा सापडली. पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून फार तर गॅरेज गाठता येतं. नवा पाइप बसवताना धातूच्या तोंडावरचं तेल स्वच्छ पुसा, नाहीतर भार येताच पाइप निसटतो.

आता दुसरी वेळ. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर फुस-फुस-फुस असा ठेक्यात आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. इथे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट बुजते. जोडावर काजळीचा पट्टा दिसला तर शंकाच नको. स्टड गंजलेले असतील, तर आधी गंज सोडवणारं तेल मारून वाट बघा. घाईत स्टड तुटला की स्वस्तातलं काम महागात जातं.

तिसरी वेळ सगळ्यात गंभीर: ब्रेक दाबून धरला की सतत फुस्स आणि पेडल दगडासारखं. डिझेल इंजिन ब्रेकच्या बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम स्वतःहून देत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही, तर पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टर यांतलं काहीतरी बिघडलंय. अशी गाडी माल भरून दहिसरपर्यंतसुद्धा नेऊ नका.

चौथी वेळ, इंजिन बंद केल्यावर. गोडसर वास, वाफ, खाली हिरवा किंवा गुलाबी ओघळ असेल, तर कूलंट गरम भागावर गळतंय. रेडिएटरचं झाकण आत साधारण 1 बार जास्तीचा दाब राखतं, आणि त्या दाबाला पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण उघडलंत तर दाब एकदम उतरतो आणि उकळतं पाणी अंगावर उसळतं. एसी बंद केल्यावर क्षणभर येणारी बारीक सुरसुर मात्र नेहमीची, तिची काळजी नको.

चालू इंजिनात शोध घ्यायचा तर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं लांबून फिरवावं, पंखा आणि पट्ट्यापासून दूर. डिझेलची गळती मात्र हाताने चाचपू नये. कॉमन रेलमध्ये दाब 1,000 बारच्याही वर जातो आणि ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

गॅरेजमध्ये गेलात की "टर्बो बघा" एवढंच सांगू नका. आवाज चढावर येतो की उभ्या गाडीत, थंड असताना की ब्रेकवर, धूर कोणत्या रंगाचा, हे सांगा. आणि कुणी टर्बो बदलायला निघालंच, तर आधी पाइप आणि क्लिपा तपासल्या का, एवढं विचारा.