कावीळ आणि पित्तनलिकेतील खडे



कावीळ झाली की आपल्याकडे आधी ती उतरवून घ्यायला धावतात. परंतु डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली कळ आणि हुडहुडी भरून ताप, असे एकत्र दिसले तर पित्तनलिकेत खडा अडकून जंतुदोष झालेला असू शकतो. तेथे एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. सिकलसेलच्या मुलांत तांबड्या पेशी सतत फुटतात, म्हणून त्यांनाही असे खडे होतात. त्या पालकांनी विशेष जपावे.

ऑपरेशनची धास्ती कशाला? १९७४ पासून तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेचे तोंड किंचित कापून खडा काढतात. पोटावर टाका नाही. दुर्बिणीने जमलेच नाही तर नलिका उघडतात. पित्ताशयात खडे असल्यास तेही बहुधा पुढे काढावे लागते. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. वरोऱ्याहून अंतर शंभरेक किलोमीटर.