नाणे विकत घेण्यापूर्वी



शहापूरहून मुरबाडकडे निघालेला रस्ता सापगावपाशी भातसा नदी ओलांडतो. त्याच मुरबाड तालुक्याच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यात, नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल या घाटाने जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे यांच्याबरोबर हजारो कार्षापणांचा, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचा, त्यात उल्लेख येतो. जवळच असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. अशा व्यापारी मार्गाच्या परिसरात नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदाईत एखादे जुने नाणे लागले, तर त्यात नवल वाटावयास नको.

नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. एके काळी प्राचीन नाण्यांचा संग्रह हा संस्थानिकांचा व धनिकांचा छंद समजला जात असे. आज सापगावातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या भ्रमणध्वनीवर नाणे पाहतो, पैसे भरतो आणि काही दिवसांत ते टपालाने त्याच्या हाती पडते. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे एखाद्या नव्या पोशाखाच्या किंमतीत मिळू शकते, हे पुष्कळांना खरेही वाटत नाही. तथापि जे सुलभ झाले ते निर्धोक झाले असे नव्हे. म्हणून या छंदाची वाट धरणाऱ्याने काही गोष्टी आरंभीच समजून घ्याव्यात.

पहिला प्रश्न, आरंभ कोणत्या नाण्यापासून करावा? उत्तर सोपे आहे. जी नाणी मुबलक पाडली गेली, मुबलक सापडली आणि ज्यांचा अभ्यास भरपूर झाला आहे, त्यांच्यापासून करावा. पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी या दृष्टीने नवशिक्यास विशेष सोयीची आहेत. वजन सुमारे दोन ग्रॅम, आकार बोटाच्या नखाएवढा. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा चैत्य, त्यावर चंद्र व सूर्य, आणि सभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे व त्याच्या पित्याचे नाव. पुढील काळातील पुष्कळ नाण्यांवर मुखवट्याच्या मागे शक वर्षही कोरलेले असते. त्यात ७८ मिळविले की इसवी सन निघतो. भारतातील फारच थोडी प्राचीन नाणी स्वतःचे वय इतक्या स्पष्टपणे सांगतात. सातवाहनांची शिशाची व तांब्याची नाणी, कुषाणांची तांब्याची नाणी, कलचुरी राजा कृष्णराज याची नंदी असलेली चांदीची नाणी, हीदेखील मध्यम स्थितीत सामान्य माणसाच्या आवाक्यात असतात. कृष्णराजाच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी अंजनेरीच्या ताम्रपटांत त्याच्या रूपकांचा व्यवहार नोंदविलेला आहे. एवढी त्या नाण्यांची पत होती. शिवराई ही प्राचीन नसली, तरी महाराष्ट्रातील संग्राहकाचा हात बहुधा प्रथम तिच्याकडेच जातो आणि त्यात गैर काही नाही. मात्र शिवछत्रपतींचा सोन्याचा होन कोणी स्वस्तात देऊ करीत असेल, तर तो नकली आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे ठरेल.

दुसरा प्रश्न खऱ्याखोट्याचा. प्राचीन नाणी बहुधा ठशांच्या मध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याच्या घावाने पाडली जात. घाव कधी मध्यावर बसे, कधी बाजूस सरके. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीदेखील काठाने, आकाराने व झिजेने तंतोतंत सारखी नसतात. विक्रेत्याच्या यादीत हुबेहूब एकसारखी नाणी दिसली, एकाच जागी तीच झीज व तोच चिरा दिसला, तर ती साच्यात ओतलेली आहेत असे समजावे. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, काठावर साच्याच्या सांध्याची रेघ राहते. छायाचित्रावरून हे सारे कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची व काठाची छायाचित्रे, वजन व व्यास मागावा आणि नाणे परत घेण्याची लेखी हमी असल्याखेरीज पैसे देऊ नयेत. नाणे हाती आल्यावर प्रथम ते तोलून पाहावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणी डोळसपणे पाहिली, तर खऱ्या नाण्याची ओळख डोळ्यांत भरते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. जिज्ञासूंना ही दोन्ही ठिकाणे फार दूर नाहीत. पहिल्या नाण्याआधी एखादे चांगले पुस्तक विकत घ्यावे, हा अनुभवी संग्राहकांचा सल्ला याच कारणासाठी आहे.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष होय. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करण्यास परवाना लागतो. ग्राहकाने परवान्याची चौकशी करणे व रीतसर पावती घेणे हा संशयीपणा नव्हे, ती सावधगिरी आहे. खाजगी व्यक्तीस अशा वस्तू देशाबाहेर पाठविता येत नाहीत. परदेशी असलेल्या मुलाला किंवा भाच्याला भेट म्हणून क्षत्रपांचे एखादे नाणे टपालाने धाडले, तर प्रेमापोटी केलेली ती कृतीही गुन्हा ठरते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधीविषयक कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. ठेव्यास कोणी मालक नाही असे ठरले व अन्य करार नसला, तर त्याचे तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकास, अशी वाटणी कायद्याने ठरवून दिली आहे. शासनाने तो ठेवा संपादन केल्यास धातूच्या मूल्यावर आणखी एक पंचमांश रक्कम दिली जाते. जो लपवितो, तो हा वाटा गमावतो आणि एक वर्षापर्यंतच्या कारावासास वा दंडास, किंवा दोन्हींस, पात्र ठरतो.

या नियमांमागे कोरडा कारभार नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. जिंकलेल्या राजाच्या मुखवट्यावर विजेत्याचा चैत्य! नाशिकच्या लेण्यातील शिलालेख ज्या विजयाचे वर्णन करतो, त्याची साक्ष या नाण्यांनी दिली. हा ठेवा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणूनच ही साक्ष मिळाली. तीच नाणी एकेक करून बाजारात गेली असती, तर तेरा हजार शोभेच्या वस्तू उरल्या असत्या आणि इतिहासाचे एक पान हरवले असते. म्हणून “शेतात सापडले, आजच काढले” अशी जाहिरात करणाऱ्याकडून नाणे घेऊ नये. ते स्वस्त असले, तरी त्यासाठी मोजावी लागणारी खरी किंमत फार मोठी आहे.

याच्या उलट दिशेने चालणारी एक फसवणूकही ग्रामीण भागात पोहोचली आहे. घरातील जुन्या नोटेला किंवा पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती येतात. प्रथम नोंदणीचे, मग कमिशनचे, मग कराचे पैसे मागितले जातात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाते. असा कोणताही व्यवहार आपण करीत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत, पिन क्रमांकही द्यावा लागत नाही, एवढे प्रत्येक घरात माहीत असावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

शेवटी जतनाविषयी. प्राचीन नाणे चिंच, लिंबू किंवा रांगोळी लावून कधीही घासू नये. शतकांच्या काळात चढलेला थर हे त्याचे वस्त्र आहे. ते उतरविले की नाण्याचे मोल व माहिती दोन्ही जातात. मऊ, वासाचे प्लॅस्टिक टाळावे. शिशाची नाणी लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडातील आम्लवाफेने ती पांढरी पडून भुरभुरतात. कोकणच्या पावसाळ्यात नाणी कोरड्या जागी ठेवावीत. प्रत्येक नाण्यासाठी एक स्वतंत्र पाकीट असावे व त्यावर वजन, विक्रेता, तारीख, किंमत आणि ज्ञात असल्यास प्राप्तिस्थान लिहावे. नोंद नसलेला संग्रह पुढच्या पिढीच्या हाती केवळ मोड म्हणून पडतो.

नाणेघाटातून गेलेल्या व्यापाऱ्याने आपल्या कमरेच्या कशातील नाणे मोजून, पारखून दिले असेल आणि घेणाऱ्यानेही ते तसेच पारखून घेतले असेल. तेच नाणे आज सापगावच्या घरात येणार असेल, तर त्याची पारख करण्याचा तो जुना रिवाज नव्या संग्राहकाने पाळावा. वर्षाकाठी एकच नाणे घ्यावे. पण ते खरे असावे, रीतसर असावे आणि त्यावरील अक्षरे वाचता येतील इतका अभ्यास त्याच्यासोबत व्हावा. असा संग्रह लहान असला, तरी गावाच्या शाळेतील मुलांना तो अभिमानाने दाखविता येईल.