सिरपने उतरलेला ताप

जुलै लागला की महाराष्ट्रातल्या शाळांत खोकल्याची साथ सुरू होते, आणि पहिली घटक चाचणीही नेमकी त्याच सुमारास येते. सकाळी पोराचं अंग तापलेलं असतं. आई पॅरासिटामॉलचं सिरप पाजते, तासाभरात घाम येऊन अंग गार पडतं आणि पोराला रिक्षात बसवलं जातं. फ्लूबद्दल आज बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ही सकाळ बदलायला हवी. औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत पाठवावं. सिरपने अंग गार पडतं, विषाणू नाकाघशात होता तिथेच राहतो.

विरजणाचं गणित प्रत्येक घरात ठाऊक आहे. पातेलंभर दुधाला चमचाभर ताक पुरतं. दूध कोमट हवं, वर झाकण हवं, आणि पातेलं हलवायचं नाही. पावसाळ्यातला वर्ग तसाच असतो. एका बाकावर तिघं, ओले रेनकोट भिंतीला टांगलेले, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या. तापातून उठून आलेलं एक मूल तिथे पुरतं. खिडक्या उघड्या ठेवल्या, वारा खेळता राहिला, तर विरजण तितकं सहज लागत नाही. शिवाय विरजण लावल्यावर पहिले काही तास नुसतं पाहून दुधात फरक कळत नाही. फ्लूचा संसर्गही लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीच सुरू होतो आणि पुढे पाच ते सात दिवस चालतो. लहान मुलांत त्याहूनही जास्त. तो पहिला दिवस कुणाच्याच हातात नाही. पुढचे दिवस मात्र आईवडिलांच्या हातात आहेत, आणि तेच सिरप पाजून वाया घालवले जातात.

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. त्या महिन्याच्या ३ तारखेला चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी पुण्यात दगावली. स्वाईन फ्लूने झालेला तो देशातला पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, बघता बघता रस्त्यात प्रत्येक तोंडावर मास्क दिसू लागला. त्या दिवसांत शिंकणाऱ्या मुलाला कुणी शाळेत पाठवत नव्हतं. तोच विषाणू आज हंगामी फ्लू म्हणून दरवर्षी येतो, पण ती सावधगिरी मागे राहिली.

मुलं बरी होतात हे खरं. बहुतेक मुलं आठवड्याभरात खेळायला लागतात. पण त्याच घरात दम्याचे आजोबा असतात, मधुमेहाची आजी असते, कुणाची सून गरोदर असते, पाळण्यात तान्हं असतं. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देण्याची मोहीम चालवली आणि १९९४ मध्ये ती थांबवली. पुढे २००१ मध्ये संशोधकांनी जुनी मृत्युनोंद तपासली. मोहिमेच्या काळात देशात दरवर्षी ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, असा त्यांचा अंदाज निघाला, आणि टळलेले मृत्यू मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचे होते. सुई नातवाच्या दंडात, जीव वाचला आजीचा!

लस सहा महिन्यांवरील बाळापासून सर्वांना घेता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात, म्हणून आपल्याकडे पावसाच्या आधी घेतलेली बरी. दरवर्षी ती नव्याने का घ्यावी लागते, हा मोठा विषय आहे. आज तेवढा वेळ नाही.

हजेरीबद्दल मात्र बोलायलाच हवं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस स्नेहसंमेलनात टाळ्यांच्या गजरात दिलं जातं. ते मिळवायला तापातही शाळेत येणाऱ्या पोराचं कौतुक शिक्षकांनी करू नये आणि आईबापांनीही करू नये. मुख्याध्यापकांनी घटक चाचणी पुन्हा घेण्याची सोय ठेवली, तर निम्म्या आया सिरपची बाटली परत फडताळात ठेवतील. नोकरीवर जाणाऱ्या आईला रजा मिळत नाही, ही अडचण खरीच आहे. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी, मावशीने, बाबांनी...

घड्याळ पुढे गेलं, तेव्हा उरलेलं पटकन. शिंक कोपरात. शाळेतून आल्यावर साबणाने वीस सेकंद हात. पाण्याची बाटली ज्याची त्याला. तापात मुलाला ॲस्पिरिन देऊ नये, आणि डॉक्टरांना न विचारता ॲन्टिबायोटिकही नको, विषाणूवर ते चालत नाही. मूल धापा टाकू लागलं, ओठ निळसर दिसले, पाणीही घेईनासं झालं, किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर थेट दवाखाना गाठावा.

आणि उद्या सकाळी अंग तापलेलं लागलं, तर वर्गशिक्षकांना फोन करावा. औषधाविना चोवीस तास जाऊ द्यावेत, मगच दप्तर भरावं.